व्हायरसवाल्याचं गिऱ्हाईक कोण?

[दृश्य: यवतमाळ जिल्ह्यातलं एक बाजाराचं गाव. ऑनलाइन सेवा केंद्र, टेबलावर पेन ड्राइव्ह.]

पीकविम्याची मुदत संपत आली की या एकाच कॉम्प्युटरला दिवसभर कोणाकोणाचे पेन ड्राइव्ह लागत राहतात. हा बघा त्यातला एक. फोल्डर दिसतात, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात बारीक बाण आहे. म्हणजे हे खरे फोल्डर नाहीत, व्हायरसने बनवलेले शॉर्टकट. डबल क्लिक केलं की आधी लपवलेली स्क्रिप्ट, म्हणजे व्हायरसचा छोटा प्रोग्राम, चालते, मागोमाग खरा फोल्डर उघडतो. म्हणून कोणाला शंका येत नाही. फाइली उडालेल्या नसतात, त्यांना ‘हिडन’ आणि ‘सिस्टिम’ असे दोन्ही शिक्के मारलेले असतात. नुसतं ‘हिडन आयटम्स’ टिक करून भागत नाही. फोल्डर ऑप्शन्समधली ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची टिकही काढावी लागते.

हाच पेन ड्राइव्ह लिनक्सला, म्हणजे विंडोजऐवजी वापरतात त्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला, लावला, तर शॉर्टकट नुसता पडून राहतो. तो विंडोजसाठीच लिहिलेला. लिहिणाऱ्याला एका मेहनतीत जास्तीत जास्त मशीन हवी असतात, आणि केंद्रांच्या टेबलांवर विंडोजच असतं. त्यातही फुकटची कॉपी असली, तर ती चालू करणारा चोरटा प्रोग्राम, ॲक्टिव्हेटर, चालावा म्हणून अँटिव्हायरस आपणच बंद केलेला! मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय विंडोजमधल्या ज्या भोकातून पसरला, ते भोक मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच बुजवलं होतं. सापडले ते बहुतेक अपडेट न घेतलेले विंडोज ७. आता १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेटही थांबलेत.

लिनक्सला काही होत नाही, असं मात्र समजू नका. २०१६ चा मिराई नावाचा व्हायरस लिनक्सवर चालणाऱ्या कॅमेऱ्या-राउटरांतच शिरला, तोही कंपनीने दिलेला पासवर्ड टाकून. जिनिंगच्या फाटकावरचा कॅमेरा तपासून घ्या.

[दृश्य: हातातला फोन, व्हॉट्सॲपवर आलेली फाइल.]

पैसा आता फोनवर आहे, आणि गावात फोन म्हणजे अँड्रॉइड. बाहेरून आलेली एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल, त्यावर बसते. आयफोनवर अशी सहजासहजी बसत नाही. फाइलीचं नाव ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’, नाहीतर लग्नपत्रिका. फोन आधी अनोळखी ॲपची परवानगी विचारतो, मग ॲप एसएमएसची मागतं. दोन्हींना ‘अलाव’ केलं की बँकेचा ओटीपी परस्पर तिकडे. भोक शोधायचे कष्टच नाहीत.

ॲप बसलंच, तर लगेच फ्लाइट मोड लावा, वायफाय बंद आहे ना तेही बघा. दुसऱ्या फोनवरून बँकेला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला कळवा. आलेल्या मेसेजचा, नंबरसकट, स्क्रीनशॉट ठेवा. आयकॉन लपलेला असू शकतो, म्हणून सेटिंग्जमधली ॲप्सची पूर्ण यादी चाळा. ‘अनइन्स्टॉल’ दबत नसेल, तर आधी ‘डिव्हाइस ॲडमिन’मधून त्याचा हक्क काढा. यूपीआय पिन बदलायचा तो दुसऱ्या, चांगल्या फोनवरून.