बल्बाआधी फिटिंग पाहा

श्रोतेहो, एलईडी बल्ब घेताना आपली नजर सवयीने वॅटच्या आकड्याकडे जाते. वॅट म्हणजे बल्ब किती वीज घेतो त्याचे माप. उजेड मोजायचा तो ल्युमेनमध्ये. जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब सुमारे ८०० ल्युमेन उजेड देत असे आणि आजचा ८ ते १० वॅटचा एलईडी तेवढाच देतो, त्यामुळे बदली बल्ब घेताना ल्युमेन जुळवावेत. होल्डर पिनांचा बी२२ आहे की आट्यांचा ई२७, हेही आधीच पाहून ठेवावे.

माझ्या मते खरी निवड मात्र फिटिंगच्या रचनेवर ठरते. तारेच्या बल्बची बरीचशी उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर पडत असे. एलईडीची उष्णता उजेड देणाऱ्या चिपच्या मागे साचते आणि बल्बच्या बुडावाटे आजूबाजूच्या हवेत गेली तरच कमी होते. सर्व बाजूंनी बंद असलेल्या काचेच्या गोळ्यात ही हवा खेळतच नाही. बुडाशी असलेल्या ड्रायव्हरमधला, म्हणजे चिपांना योग्य वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला, कपॅसिटर हा वीज साठवणारा भाग तापत राहतो, आणि तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की त्याचे आयुष्य साधारणपणे निम्म्यावर येते. अकाली गेलेल्या बल्बचे झाकण काढून पाहा: अनेकदा एखाद्याच पिवळ्या चिपवर बारीक काळा ठिपका दिसतो. चिपा एकसर जोडणीत असतील, तर एक जळाली की सगळी ओळ विझते. खोक्यावर लिहिलेले हजारो तासांचे आयुष्य अशा कोंडलेल्या जागेसाठी मोजलेले नसते, हे ग्राहकाला स्पष्ट सांगितले जात नाही याची मला खंत वाटते. म्हणून बंद फिटिंगसाठी, खोक्यावर तसा वापर चालेल असे लिहिलेला बल्बच घ्यावा आणि शक्य तितका कमी वॅटचा घ्यावा. उजेड अपुरा वाटल्यास तिथे जास्त वॅटचा बल्ब कोंबण्यापेक्षा दुसरा दिवा लावावा.

उजेडाचा रंग केल्विनमध्ये सांगतात आणि त्याचे गणित सोपे आहे: २७०० केल्विनचा उजेड पिवळसर, ४००० चा पांढरा आणि ६५०० चा निळसर असतो. झोपण्याच्या खोलीत पहिला आणि ओट्यावर दुसरा मला योग्य वाटतो. याखेरीज रंगदर्शक निर्देशांक, म्हणजे सीआरआय, ९० च्या पुढे असेल तर कातडीचा आणि भाज्यांचा रंग फिका पडत नाही. आरशाजवळच्या दिव्यासाठी मी यावर तडजोड करणार नाही.

फिटिंगला डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करणारे बटण, असेल, तर 'डिमेबल' लिहिलेलाच बल्ब घ्या. तरीही तारेच्या बल्बांसाठी बनवलेल्या जुन्या डिमरला एलईडीचा भार कित्येकदा इतका कमी पडतो की उजेड थरथरतो. म्हणून आधी एकच बल्ब आणून, डिमर अगदी खाली नेऊन पाहावा आणि मगच बाकीचे घ्यावेत.