मधुमेही रुग्ण आणि कोविड : आजारपणातली साखर

१ मार्च ते ११ मे २०२० या काळात इंग्लंडमधील रुग्णालयांत कोविडने झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे एक तृतीयांश मृत्यू मधुमेही रुग्णांचे होते. वय, लिंग, वांशिक गट आणि आर्थिक स्थिती यांचा परिणाम हिशेबात घेतल्यावरही मृत्यूची शक्यता टाइप २ मधुमेहात (ज्यात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही) सुमारे दुप्पट, तर टाइप १ मध्ये (ज्यात इन्सुलिन जवळपास तयारच होत नाही) सुमारे साडेतीनपट आढळली. हे आकडे ऐकून तरुणांनी घाबरून जाऊ नये. चाळिशीच्या आतील मधुमेहींचा मूळ धोकाच फार कमी होता.

हा धोका जुन्या निदानाचा, की आजारपणातल्या साखरेचा? चीनच्या हुबेई प्रांतातील टाइप २ मधुमेही रुग्णांच्या नोंदी पाहता, रुग्णालयात असताना ज्यांची साखर ७० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान राहिली त्यांच्यापैकी १.१ टक्के रुग्ण दगावले. ज्यांची साखर त्याहून वर गेली त्यांच्यापैकी ११ टक्के. हा दहापट फरक जपून वाचला पाहिजे, कारण गंभीर आजार स्वतःच साखर वाढवतो. संसर्गाचा ताण वाढला की शरीरात कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनालिन ही ताणाची संप्रेरके स्रवतात, यकृत रक्तात ग्लुकोज सोडू लागते आणि इन्सुलिनचा प्रभाव ओसरतो. दुसरीकडे, वाढलेल्या साखरेमुळे पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची क्षमता मंदावते, रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा होते आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते. म्हणजे आजार साखर वाढवतो आणि साखर आजार वाढवते. यातले आधी काय घडले, हे नोंदींवरून ठरवणे अवघड असते.

त्यात उपचारांचीही भर पडली. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या औषध-चाचणीतून असे दिसले की, डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करते. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा लाभ दिसला नाही. तरीही २०२१ च्या दुसऱ्या लाटेत भारतात सौम्य आजारातही स्टिरॉइड सर्रास दिले गेले, आणि स्टिरॉइडमुळे वाढणारी साखर मात्र अनेकदा मोजलीच गेली नाही. आधीच मधुमेहींची संख्या मोठी असलेल्या देशात हे महागात पडले. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये, वाढलेली साखर आणि स्टिरॉइडने दबलेली प्रतिकारशक्ती यांमुळे फोफावणाऱ्या काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे, रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. नाक आणि सायनसमधून ही बुरशी डोळ्यापर्यंत, काहींच्या मेंदूपर्यंत पोहोचली. जबडा किंवा डोळा काढण्याची वेळ आली आणि ॲम्फोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाईकांना वणवण करावी लागली. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य ठरवण्यास, म्हणजे प्रत्येक रुग्णाची माहिती सरकारला कळवणे बंधनकारक करण्यास, सांगितले.

म्हणूनच आता श्वसनसंसर्गाने दाखल होणाऱ्या रुग्णाची साखर, मधुमेहाची पूर्वनोंद नसली तरी, तपासली जाते. प्राणवायूची पातळी खालावलेल्या रुग्णाच्या मेटफॉर्मिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्या थांबवून बहुधा इन्सुलिन सुरू केले जाते, आणि स्टिरॉइड चालू असेल तर उपाशीपोटीच्या तपासणीवर न थांबता जेवणानंतरची साखरही मोजली जाते.