बल्ब लागला नाही म्हणून काय झालं?

नमस्कार श्रोतेहो. बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या शाळांत विज्ञान प्रदर्शन भरलं की द्रवातून वीज वाहते का, हा प्रयोग एखाद्या टेबलावर असतोच. टॉर्चचा बल्ब पेटत नाही आणि मुलं वहीत लिहून मोकळी होतात: ‘नळाचं पाणी दुर्वाहक.’ हे साफ चूक. त्या बल्बला सुमारे 300 मिलिअँपिअर प्रवाह लागतो. नळाच्या पाण्यातून जेमतेम एखाद-दोन मिळतो. बल्बच उपाशी राहतो, त्यात पाण्याचा काय दोष?

म्हणून लाल एलईडी घ्या. तो एका मिलिअँपिअरलाही मिणमिणतो. 9 व्होल्टची चौकोनी बॅटरी, 470 ओहमचा रोधक (प्रवाह मर्यादेत ठेवणारा, म्हणजे रेझिस्टर) आणि दोन्ही टोकं तासलेल्या दोन पेन्सिली, एवढं पुरे. सगळं एकामागोमाग एक जोडा. एलईडीचा लांब पाय बॅटरीच्या धन टोकाकडे. उलटा लागला तर तो पेटणारच नाही. रोधक मात्र गाळू नका, नाहीतर पेन्सिली एकमेकींना टेकल्या की एलईडी जळतो. आणि बॅटरीऐवजी भिंतीतला प्लग? कधीच नाही.

पेन्सिलींची टोकं दोन सेंटिमीटर अंतरावर बुडवा. सुरुवात बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने करा: अंधार. बोअरच्या पाण्यात एलईडी मंद लागतो, कारण जमिनीतले क्षार त्यात विरघळलेले असतात. आमसुलाच्या पाण्यात आम्लामुळे लागतो. चमचाभर मीठ घातलेल्या पाण्यात तर लख्ख, शिवाय ऋण टोकावर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे चढताना दिसतात. धन टोकापाशी क्लोरीनचा उग्र वास येऊ शकतो. खिडकी उघडी ठेवा, नाक जवळ नेऊ नका. खोबरेल तेलात पुन्हा अंधार. पेन्सिलींऐवजी खिळे वापरलेत तर धन बाजूचा खिळा झिजतो, पाणी तांबूस होतं आणि मुलं त्या रंगाचाच भलता अर्थ लावतात.

दर वेळी टोकं डिस्टिल्ड वॉटरनेच धुवा. मिठाचा एक थेंब राहिला तरी पुढचा निकाल गेला.

साखरेची मात्र गंमत आहे. विरघळली तरी तिचे रेणू अखंड राहतात, आयन, म्हणजे पाण्यातून वीज वाहून नेणारे विद्युतभारित कण, सुटत नाहीत, म्हणून डिस्टिल्ड वॉटरमध्ये साखर घालूनही एलईडी लागत नाही. तीच साखर बोअरच्या पाण्यात ढवळली तर लागतो, आणि श्रेय फुकटात साखरेला मिळतं.