टेकडीची रांग आणि अनंत

नागपूरच्या सीताबर्डीतला एक ट्यूशन क्लास, अकरावीची बॅच. फळ्यावर लिहिलंय: १ भागिले ०. मागच्या बाकावरून आवाज येतो, "सर, माझा कॅल्क्युलेटर एरर दाखवून राहिला, अन् याच्या लॅपटॉपवर जावास्क्रिप्ट इन्फिनिटी म्हणते. असं काऊन?"

दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. अपूर्णांकांच्या हिशेबासाठी १९८५ साली संगणकांचं जे मानक ठरलं, त्यात अनंताला चक्क जागा दिली आहे. मात्र अनंतातून अनंत वजा करायला सांगा. तोच लॅपटॉप म्हणतो, ही संख्याच नाही!

दुखणं जुनंच आहे. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात शून्यानं भागलेल्या राशीला 'खहर' म्हटलं. तिच्यात कितीही मिळवा, तिच्यातून कितीही काढा, ती बदलत नाही. प्रलयात जीव अच्युतात विलीन झाले तरी त्याच्यात फरक पडत नाही, तशी. उपमा सुरेख, पण बीजगणिताला इथेच फास बसतो. अनंत अधिक १ बरोबर अनंत. दोन्हीकडचे अनंत उडवा, उरतं १ बरोबर ०.

म्हणून शाळेत 'अनंत ही संख्या नाही' असं सांगून विषय मिटवतात. आम्हाला हे उत्तर अर्धवट वाटतं. ती वास्तव संख्या नाही, इतकंच खरं. वजा एकचं वर्गमूळ तरी कुठे वास्तव आहे? तरी गणितात ते संख्या म्हणून चालतंच. प्रश्न एवढाच, की अनंताला आत घ्यायचं तर कोणता नियम सोडायचा.

जर्मन गणितज्ञ गेओर्ग कँटरनं १८८३ साली अनंताच्याही पुढे जाणारे जे क्रमांक मांडले, त्यांत बेरजेची क्रमनिरपेक्षताच सुटली, म्हणजे कुठली संख्या आधी घेतली यानं बेरीज बदलू लागली.

रेल्वे स्टेशनजवळच्या टेकडी गणपतीला संकष्टीची रांग लागली आहे. समजा, ती कधीच संपत नाही. सर्वांत पुढे एक जण घुसला. सगळे एकेक जागा मागे सरकले, थोडी कुरकूर झाली, रांग होती तशीच.

आता त्यालाच तिथून काढून सगळ्यांच्या मागे उभा करा. त्याच्यापुढे अनंत माणसं आहेत. पण लगेच पुढे कोण, तर कुणीच नाही. पहिल्या रांगेत असा माणूस नव्हताच. म्हणजे एक अधिक अनंत आणि अनंत अधिक एक, या दोन वेगळ्या रांगा झाल्या.

या माणसाला कँटर क्रमांक देतो ओमेगा. त्याच्यामागे येईल त्याला ओमेगा अधिक १, मग ओमेगा अधिक २, आणि मोजणी पुन्हा सुरू.