नवीन डिफेन्सची पोरं ओळखायची कशी

मंडळी, नमस्कार. आज बोलायचंय अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या टीममध्ये नव्याने सही करून येणाऱ्या डिफेन्सच्या, म्हणजे समोरच्या टीमला अडवणाऱ्या, पोरांबद्दल. इथे अमेरिकेत जॉर्जियात राहणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांची मुलं अथेन्सला युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जियात शिकतायत किंवा जाणार आहेत, शनिवारी घरात लाल टीशर्ट घालून सगळे टीव्हीसमोर बसतात, आणि डिसेंबरात साइनिंग डे, म्हणजे हायस्कूलची पोरं कॉलेज पक्कं करून सही करतात तो दिवस, आला की मुलं फोनवर यादी दाखवतात की आई हा बघ फाइव्ह स्टार, हा फोर स्टार, आणि वेबसाइटवाले देतात त्या या स्टारमधलं आपल्याला एवढंच कळतं की पाच म्हणजे भारी. मला आज तुम्हाला पटवायचंय ते हे, की स्टार मोजून पोरगं ओळखीचं होत नाही. तो कुठल्या जागेवर खेळणार आणि त्या जागेवर त्याच्या पुढे आधीच कोण उभंय हे बघा, मग त्याची पुढची तीन वर्षं तुम्हाला बरीचशी दिसायला लागतील.

एक खरं उदाहरण घेऊ, म्हणजे हवेत बोलायला नको. एप्रिल २०२५ मध्ये ग्रीन बेला एनएफएलचा ड्राफ्ट झाला, म्हणजे प्रोफेशनल टीम आळीपाळीने कॉलेजची पोरं निवडतात तो. त्यात पंधराव्या नंबरवर अटलांटा फाल्कन्सने जेलन वॉकरला घेतलं, सोळाव्या नंबरवर ऍरिझोनाने वॉल्टर नोलनला आणि सतराव्या नंबरवर सिनसिनाटीने शेमार स्टुअर्टला. तिघेही डिफेन्सचे, तिघेही २०२२ च्या बॅचचे, म्हणजे एकाच वर्षी हायस्कूल संपवून कॉलेजात आलेले, आणि तिघे एकापाठोपाठ एक गेले. पण तिथपर्यंत पोचायचे तिघांचे रस्ते इतके वेगळे की एकाकडे बघून दुसऱ्याचा अंदाजच आला नसता.

वॉकर नॉर्थ कॅरोलिनातल्या सॉल्सबरीचा, वडील स्वतः कॉलेज फुटबॉलचे कोच. तो जॉर्जियात आला तेव्हा लाइनबॅकरच्या, म्हणजे डिफेन्सच्या पुढच्या फळीमागे उभं राहणाऱ्याच्या, जागेवर जेमन ड्युमास-जॉन्सन आणि स्मेल मंडन, आणि कडेने क्वार्टरबॅकवर, म्हणजे बॉल फेकणाऱ्यावर, धावून जायच्या जागेवर नोलन स्मिथ. म्हणजे दोन्हीकडे रांग. पहिलं वर्ष त्याचं बहुतेक किकऑफला, म्हणजे लाथेने बॉल लांब मारून खेळ सुरू करतात तेव्हा, धावण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी ठरावीक वेळेला आत यायला लागला, थर्ड डाऊन म्हणजे तिसरा प्रयत्न आणि लांबचं अंतर असलं की याला सोडायचे, त्यात ५ सॅक, म्हणजे बॉल फेकायच्या आत क्वार्टरबॅकला पाडणं. तिसऱ्या वर्षी साडेसहा सॅक आणि देशातल्या सगळ्यात चांगल्या लाइनबॅकरला मिळणारं बटकस अवॉर्ड. त्याने वाट बघितली आणि ती वाट बघणं त्याच्या कामी आलं, कारण तेवढ्या काळात तो दोन जागा शिकला, आत उभं राहायची पण आणि कडेने यायची पण.

आता वॉल्टर नोलन आणि शेमार स्टुअर्ट. हे दोघं टेक्सस ए अँड एम मध्ये गेले, आणि ती २०२२ ची बॅच म्हणजे, स्टार देणाऱ्या ट्वेंटीफोरसेव्हन स्पोर्ट्स या वेबसाइटच्या मार्कांप्रमाणे, तोपर्यंतच्या इतिहासातली सगळ्यात वरची बॅच. एकट्या डिफेन्सिव्ह लाइनला सात-आठ पोरं घेतली, त्यातले कित्येक फाइव्ह स्टार. आपल्या इथल्या मिल्टन हायस्कूलचा लेबियस ओव्हरटन पण त्यातच. सगळ्यांना वाटलं की आता यांच्या डिफेन्ससमोर कोणी उभं राहणार नाही. त्या सीझनला ए अँड एम ५ जिंकले आणि ७ हरले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात कोच जिम्बो फिशरला काढलं आणि काढायचे म्हणून साडेसात कोटी डॉलरच्या वर देणं लागलं. ती बॅच पांगली. अँथनी लुकस यूएससीला गेला, ओव्हरटन अलाबामाला, नोलन ओल मिसला म्हणजे मिसिसिपीच्या ऑक्सफर्डला. स्टुअर्ट मात्र राहिला.

इथे थांबून विचार करा, की झालं काय? पोरं वाईट होती का? अजिबात नाही, नोलन ओल मिसला गेल्यावर एका सीझनमध्ये साडेसहा सॅक करून ऑल अमेरिकन, म्हणजे देशातल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक, झाला. पण डिफेन्सिव्ह लाइनवर एका वेळी चार जण उभे राहतात, फार तर आठ-नऊ जण आलटून पालटून खेळतात, आणि त्याच जागांसाठी एकाच वयाची इतकी पोरं एकदम आणली तर त्यांना शिकवणारा दोन वर्षं मोठा, अंगाने भरलेला, मार खाऊन तयार झालेला भाऊ कुठून येणार. माझं मत आहे की त्या बॅचचा मोठा प्रश्न हाच होता. तुमच्या टीमने चार डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे लाइनच्या मधली पोरं, एकदम सही केले असं वाचलं की आनंद जरूर करा, पण लगेच रोस्टर म्हणजे टीमची यादी उघडून बघा की तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे किती आहेत.

याच्या उलटं, जॉर्जियाचा २०२१ चा डिफेन्स आठवा. ज्यांनी तो सीझन बघितला त्यांना सांगायला नको, सरासरी एका मॅचला १०.२ पॉइंट दिले फक्त, अलाबामाकडून एक हार सोडली तर सगळं जिंकलं आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याच अलाबामाला ३३-१८ हरवून १९८० नंतर पहिल्यांदा चॅम्पियनशिप आणली. त्या डिफेन्समधले पाच जण पुढच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या राउंडला गेले, एका कॉलेजच्या डिफेन्समधून एकदम इतके त्याआधी कधीच गेले नव्हते. पण ते पाच जण आले कुठून ते बघा. जॉर्डन डेव्हिस हा शार्लटचा, थ्री स्टार. थ्री स्टार! आणि ड्राफ्टच्या आधी ३४१ पाउंड वजनाने, म्हणजे जवळपास १५५ किलोच्या देहाने, ४० यार्ड ४.७८ सेकंदात धावला. डेव्हॉन्टे वायट आधी कॅन्ससमधल्या हचिन्सन कम्युनिटी कॉलेजला जाऊन मग अथेन्सला आला. लुईस सीनचं बालपण थोडं हैतीत गेलं, मग मॅसॅच्युसेट्स, मग टेक्सस. ट्रॅव्हॉन वॉकर मात्र फाइव्ह स्टार, इथल्याच थॉमस्टन गावचा, शाळेत बास्केटबॉल पण जोरात खेळायचा. आणि गंमत म्हणजे ड्राफ्टमध्ये पहिल्याच नंबरवर गेलेल्या या ट्रॅव्हॉनचे तीन सीझनचे मिळून सॅक किती, साडेनऊ. कारण त्याला कधी आत उभं करायचे, कधी बाहेर, जिथे टीमला हवं तिथे, आणि आकडे बघणाऱ्याला ते काम दिसतच नाही.

आता ते न दिसणारं काम म्हणजे काय ते सांगतो, कारण हे कळल्याशिवाय नवीन पोरगं काय शिकतंय ते कळणार नाही. ऑफेन्सच्या पुढे पाच दांडगे उभे असतात, त्यांच्या मधल्या फटींना गॅप म्हणतात, आणि बॉल घेऊन पळणारा त्यातल्याच कुठल्यातरी गॅपमधून निघणार. डिफेन्समधल्या प्रत्येकाला आपापला गॅप ठरवून दिलेला असतो. आपण कबड्डी खेळलोय ना, साखळीतल्या एकाने मोहात पडून आधीच उडी घेतली की चढाई करणारा नेमका त्याच्या मोकळ्या जागेतून निघून जातो, तसंच. हायस्कूलमध्ये हे पोरगं सगळ्यांपेक्षा मोठं आणि सगळ्यांपेक्षा फास्ट असतं, त्यामुळे गॅप सोडून कुठेही धावलं तरी पकडतंच, हायलाइट व्हिडिओ मस्त बनतो आणि स्टार मिळतात. कॉलेजात समोरचा पण ३०० पाउंडांचा आणि २२ वर्षांचा. तिथे पहिल्यांदा शिकायचं ते खाली वाकून भिडायचं, हात समोरच्याच्या छातीवर आधी लावायचे, आणि बॉल दुसरीकडे गेलाय असं वाटलं तरी आपला गॅप सोडायचा नाही. डेव्हिससारखा नोज टॅकल, म्हणजे लाइनच्या मधोमध उभा राहणारा, तर दोन-दोन जणांना अंगावर घेऊन उभा राहतो, त्याच्या नावावर काहीच लागत नाही, आणि मागचा लाइनबॅकर मोकळा धावत येऊन टॅकल करतो, म्हणजे बॉलवाल्याला पाडतो. मला स्वतःला हे बघायला सॅकपेक्षा जास्त आवडतं, खरंच सांगतो.

तो मागून धावत येणारा म्हणजे नकोबी डीन. हे नाव इथल्या पालकांनी लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. मिसिसिपीतल्या हॉर्न लेकचा, उंची जेमतेम ५ फूट ११ इंच, आणि एवढा खेळ चालू असताना शिकत होता मेकॅनिकल इंजिनिअरिंग. हायस्कूलमध्येही बटकस अवॉर्ड आणि कॉलेजातही. लाइनबॅकरचं काम असं की साइडलाइनवरून खूण आली की ती सगळ्यांना ओरडून सांगायची, समोरच्यांनी जागा बदलली की क्षणात सगळं बदलायचं. म्हणून लाइनबॅकरच्या बाबतीत मी उंची-वजनाच्या आधी तो शाळेत कसा होता, टीमचा कॅप्टन होता का, किती भाषण करतो नाही तर किती ऐकतो, असलं काही वाचायला मिळतंय का ते शोधतो.

कॉर्नरबॅकचं वेगळं. त्याचं काम हायस्कूलमध्ये होतं तेच कॉलेजात, समोरच्या रिसीव्हरला म्हणजे पास झेलणाऱ्याला सोडायचं नाही, त्यामुळे कॉर्नर पहिल्या वर्षीच खेळताना दिसू शकतो. लाइनवाल्यांना तेवढा चान्स नसतो कारण शरीर तयार व्हायला वेळ लागतो, हाडं तीच असली तरी पायात ती ताकद यायला दोन-दोन वर्षं वेट रूममध्ये जातात. सेफ्टी सगळ्यात मागे, सगळ्यांना जागा दाखवणारा, आणि जॉर्जियाचा कोच कर्बी स्मार्ट स्वतः इथेच सेफ्टी खेळलेला, त्यामुळे तिथे चूक चालत नाही. असं असूनही २०२२ च्या बॅचचा मलाकाय स्टार्क्स, इथल्याच जेफरसन गावचा, हायस्कूलमध्ये क्वार्टरबॅक खेळायचा, तो पहिल्याच मॅचमध्ये अटलांटाला ओरेगनविरुद्ध उतरला आणि हवेत झेपावून इंटरसेप्शन घेतलं, म्हणजे समोरच्यांचा पास मध्येच पकडला. ४९-३ ची ती मॅच. क्वार्टरबॅक खेळलेला असल्यामुळे समोरचा कुठे फेकणार हे त्याला डोळ्यांवरूनच कळत असावं असं मला वाटतं, म्हणून पोरगं हायस्कूलमध्ये दुसरं काय-काय खेळलंय हे नक्की बघा. कुस्ती केलेला लाइनमन दिसला तर मी तर हरखतोच, खाली वाकणं त्याला शिकवावं लागत नाही.

आणि दुखापत विसरू नका. केली रिंगो, ऍरिझोनाहून आलेला फाइव्ह स्टार कॉर्नर, पहिलं पूर्ण वर्ष खांद्यामुळे बाहेर. तेव्हा लोक विचारायचे की कुठाय तो. दुसऱ्या वर्षी फायनलमध्ये अलाबामाचा पास पकडून ७९ यार्ड धावत गेला आणि चॅम्पियनशिप तिथेच पक्की झाली.

आता तुम्ही म्हणाल की हे सगळं पूर्वीचं झालं, आता कोण थांबतंय. बरोबर आहे. जुलै २०२१ पासून खेळाडू स्वतःच्या नावावर पैसे कमवू शकतात, आणि २०२५ च्या कोर्ट सेटलमेंटनंतर तर कॉलेजं थेट पैसे देतात, पहिल्या वर्षाची मर्यादा साधारण २ कोटी ५ लाख डॉलर एका कॉलेजला, सगळे खेळ मिळून. फुटबॉलमधली ८५ स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि १०५ जणांचं रोस्टर आलं. ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या यादीतून, कोणी दुसऱ्या कॉलेजला गेलं तर आता पूर्वीसारखं एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही. आपल्यातले बरेच जण पोर्टलला नावं ठेवतात, निष्ठा राहिली नाही म्हणतात, मी त्यांच्याशी सहमत नाही. कोच वाटेल तेव्हा जास्त पगारावर दुसरीकडे जात होते तेव्हा कोणी काही म्हणत नव्हतं, आणि १८ वर्षांच्या पोराने मात्र शब्द पाळायचा? नोलन गेला म्हणून त्याचं भलं झालं. स्टुअर्ट राहिला, तीन सीझनमध्ये दरवर्षी दीड असे मिळून साडेचारच सॅक केले, पण २६७ पाउंडांचा तो ४.५९ सेकंदात ४० यार्ड धावला आणि पहिल्या राउंडला गेला. त्याचंही भलंच झालं. जेलन वॉकरचं थांबून झालं. यात कोण बरोबर कोण चूक असं नसतंच, प्रत्येकाच्या घरचं, पैशांचं, कोचशी जमण्याचं गणित वेगळं, आणि ते आपल्याला सोफ्यावर बसून माहीत नसतं. म्हणून एक कळकळीची विनंती, तुमच्या मुलांना सांगा की एखाद्या पोराने शेवटच्या दिवशी दुसऱ्या कॉलेजची टोपी घातली, म्हणजे तिथे जायचं ठरवलं, तर त्याच्या अकाउंटवर जाऊन शिव्या लिहू नका. ते पोरगं आपल्या मुलाच्याच वयाचं आहे.

आता करायचं काय ते सांगतो आणि थांबतो. नवीन पोरांमधले पुष्कळ जण हायस्कूल डिसेंबरातच संपवून जानेवारीत कॉलेजात येतात. ती नावं आधी बघा, कारण त्यांना वसंतातली पूर्ण प्रॅक्टिस मिळते आणि जूनमध्ये येणाऱ्यापेक्षा ते काही महिने पुढे असतात. अथेन्सला जीडे म्हणून एप्रिलमध्ये आपसातली मॅच असते, तिथे दुसऱ्या फळीत कोण उभं राहतंय ते बघा. मग सप्टेंबरात छोट्या कॉलेजांविरुद्ध मॅच असतात, हाफ टाइमपर्यंत ३५-० झालेलं असतं, घरातले सगळे टीव्हीसमोरून उठतात. तेव्हा उठू नका. २०१८ मध्ये आलेल्या रेडशर्टच्या, म्हणजे खेळायचं एक वर्ष राखून ठेवायच्या, नियमाने नवीन पोरगं चार मॅचपर्यंत खेळलं तरी त्याचं वर्ष वाया जात नाही, त्यामुळे कोच त्यांना अशाच वेळी उतरवतात. पहिल्या क्वार्टरमध्ये पण किकऑफ झाला की बॉलकडे बघू नका, बॉलच्या मागे धावणाऱ्या दहा जणांचे नंबर बघा आणि फोनवर रोस्टर उघडून जुळवा. जेलन वॉकर पहिलं वर्षभर तिथेच दिसत होता.