ट्रोम्सो ते लाँगइयरब्येन: अंतर किती, वेळ किती

श्रोतेहो, नमस्कार. उत्तर नॉर्वेतलं ट्रोम्सो आणि त्याच्या वर, समुद्रापलीकडे, स्वालबार्ड बेटांवरचं लाँगइयरब्येन. मर्केटर पद्धतीच्या, म्हणजे गोल पृथ्वी चौकोनी कागदावर पसरून दाखवणाऱ्या नकाशावर या दोन गावांमधलं अंतर मुंबई-दिल्लीच्या पावणेतीनपटीहून थोडं जास्तच दिसतं. प्रत्यक्षात मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे 1,140 किलोमीटर आहे आणि हे 960. ध्रुवाकडे जाल तसा हा नकाशा ताणत जातो, म्हणून तिथली अंतरं पट्टीनं मोजूच नयेत.

कागद-पेन्सिल असेल तर हिशेब घरीच करता येतो. ट्रोम्सो विमानतळाचा अक्षांश 69.68 आणि लाँगइयरब्येनचा 78.25, म्हणजे फरक 8.57 अंश. तिकडे अक्षांशाचा एक अंश सुमारे 111.5 किलोमीटरचा धरा, की उत्तर-दक्षिण अंतर 955 किलोमीटर येतं. रेखांशातला फरक साडेतीन अंशांच्या आसपास आहे. पण रेखांशाचा अंश विषुववृत्तावर 111 किलोमीटरचा असला, तरी 74 अक्षांशावर तो जेमतेम 31 चा उरतो, म्हणून पूर्व-पश्चिम अंतर 106 किलोमीटर. आता काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढा: 960. विमानवाले हेच अंतर 519 सागरी मैल म्हणतील.

वेळेचं गणित मात्र नुसत्या भागाकारानं सुटत नाही. ताशी 830 किलोमीटर वेगानं 70 मिनिटं होतात. चढताना आणि उतरताना वेग कमी असतो, त्याची दहा-पंधरा मिनिटं मिळवा. जमिनीवर धावपट्टीपर्यंत जाणं-येणं आलंच. म्हणून वेळापत्रकात दीड ते पावणेदोन तास दिसतात. समोरून ताशी 100 किलोमीटरचा वारा असला तर 70 ची 79 मिनिटं होतात, पाठीमागून असला तर 62.

खरी अडचण इंधनाची. लाँगइयरब्येनला धुकं किंवा जोराचा वारा असला, तर मोठ्या विमानाला वळायला जवळपास दुसरा विमानतळ नाही. परत मुख्य भूमीच गाठावी लागते. म्हणून जातानाच परतीपुरतं इंधन आणि वर अर्ध्या तासाची शिल्लक टाकीत हवी. बोइंग 737 तासाला सुमारे अडीच टन इंधन जाळतं, तेव्हा हा भार थोडाथोडका नाही. त्यापायी कधी मालाचं वजन कमी करावं लागतं. शिवाय 1975 साली सुरू झालेली इथली धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर आहे. वरचा थर वितळला की ती खचते, उंचसखल होते, आणि तिची डागडुजी सतत चालू ठेवावी लागते.

भारतीय प्रवाशांनी एक गोष्ट नीट लक्षात ठेवावी. स्वालबार्डला जायला वेगळा व्हिसा नाही, पण ही बेटं शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहेत. तिथून परतताना शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश होतो, म्हणून व्हिसा किमान दोन प्रवेशांचा घ्या. एकाच प्रवेशाचा असेल, तर परतीच्या वाटेवर अडकाल. ऑस्लोहून ट्रोम्सोमार्गे जाणाऱ्या विमानात बसलात, तर पासपोर्ट तपासणीसाठी ट्रोम्सोला उतरावं लागतं. पासपोर्ट हातातल्या पिशवीत असू द्या.

याच वाटेनं भारताच्या ‘हिमाद्री’ या ध्रुवीय संशोधन केंद्राकडे जाता येतं. हे केंद्र 2008 पासून स्वालबार्डमध्येच न्यू-ऑलेसुंडला आहे, आणि त्याचं काम गोव्यात वास्को इथलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्र पाहतं. लाँगइयरब्येनपासून ते सुमारे 110 किलोमीटरवर. लहान विमानानं पंचवीसेक मिनिटं लागतात, पण हवा बिघडली की उड्डाण पुढे ढकललं जातं. पुढचं तिकीट वेगळं काढलं असेल, तर मध्ये एक रात्र मोकळी ठेवा.