वाकलेल्या पाठीचा अभ्यास

(दृश्य: भर पाऊस. चिखलणी झालेलं खाचर. इरली घेतलेल्या बायका ओळीने वाकलेल्या.)

हे आमचं खाचर. दापोली तालुक्यातलं, हर्णै बंदरापासून फार लांब नाही. डावीकडून तिसरं इरलं आईचं. चेहरा दिसणार नाही. भाताच्या लावणीच्या दिवसांत आमच्या गावातल्या बायकांचे चेहरे दिसत नाहीत, पाठीच दिसतात. लहानपणी मला वाटायचं, सकाळी वाकलेली आई एकदम जेवणालाच सरळ होते.

मी पुण्यात फिजिओथेरपी शिकते. बारावी सायन्स, नीट, मग बीपीटीएच. नंबर लागला तेव्हा गावात प्रत्येकाने विचारलं, "म्हणजे मालिश ना?" मी सगळ्यांना सांगायचे, मालिश नाही. मुंबईत पोलिओची साथ आली आणि त्यातून उठलेल्या मुलांना पुन्हा उभं करायला माणसं हवी होती, म्हणून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केईएम रुग्णालयात या शिक्षणाची सोय झाली. पोरांना पायावर उभं करण्याची विद्या आहे ही. आजीला एवढं एकच पटलं. तिच्या माहेरी पोलिओने पाय गेलेला एक मुलगा होता.

(दृश्य: कॉलेजचा वर्ग. टेबलावर सांगाडा, हाडांवर खडूच्या खुणा.)

किनेसिऑलॉजी म्हणजे हालचालीचं शास्त्र. अमेरिकेत ही वेगळी चार वर्षांची पदवी असते. तिथे बरीच मुलं ती आधी घेतात आणि मग तीन वर्षांच्या फिजिकल थेरपीच्या डॉक्टरेटला जातात. आमच्याकडे बारावीनंतर थेट फिजिओथेरपी, आणि हा विषय तिच्याच पोटात. पहिल्या वर्षी तोंडओळख, दुसऱ्या वर्षी पुरता.

पहिलं वर्ष शरीररचनेत गेलं. फॉर्मॅलिनचा वास डब्यातल्या भाजीलासुद्धा यायचा. पाठांतर खूप होतं आणि त्या वर्षाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या वर्षी मात्र सरांनी तरफा शिकवायला घेतल्या. टेकू एका टोकाला, जोर दुसऱ्या टोकाला आणि वजन मध्ये, ती दुसऱ्या प्रकारची तरफ. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहिलो की पाऊल असंच काम करतं. सरांनी उदाहरण विचारलं आणि माझ्या तोंडून आलं, "अडकित्ता." सुपारी मध्ये, खीळ टोकाला, मूठ दुसऱ्या टोकाला. मला आजीचा हात दिसला. ती कडक सुपारी अडकित्त्याच्या पात्यात आत, खिळीजवळ सरकवते. तिला कुणी सूत्र शिकवलं नव्हतं.

तेव्हापासून वर्गात बसून मी घरचंच पाहायला लागले. हात डोक्यावर नेताना १८० अंशांपैकी साधारण १२० खांद्याच्या सांध्यातून येतात आणि ६० खांद्याच्या फऱ्यातून, हे इनमन या अमेरिकन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४४ साली दाखवलं. मी ते पाठ केलं माडावर चढलेल्या पाडेल्याचा कोयत्याचा हात आठवून. शरीराचा गुरुत्वमध्य उभ्या माणसात माकडहाडाच्या वर, त्रिकास्थीच्या दुसऱ्या मणक्याच्या जरा पुढे असतो. तो मला कळला हर्णैच्या लिलावात.

(दृश्य: हर्णै बंदर, संध्याकाळ. मागे सुवर्णदुर्ग. होड्यांवरून मासळी आणणाऱ्या बैलगाड्या. एक मावशी डोक्यावर पाटी घेऊन ओल्या वाळूतून चालते.)

या मावशींच्या पायांकडे बघा. डोक्यावर मासळीची पाटी आली की गुरुत्वमध्य वर सरकतो, तोल जायची भीती वाढते. म्हणून पावलं आखूड पडतात, कमरेवरचं अंग जवळजवळ हलत नाही. आणि पाटीखालची ती चुंबळ टाळूवरचं वजन जास्त जागेवर पसरवते.

आता जे सांगायचंय ते सोपं नाही.

दुसऱ्या वर्षी आम्हाला आल्फ नाकेमसन यांचे आकडे शिकवले. स्वीडनच्या या डॉक्टरांनी जिवंत माणसांच्या कमरेच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. उभं असताना तो १०० धरला, तर पुढे वाकल्यावर १५० होतो. वजन घेऊन वाकल्यावर २२०. रात्री होस्टेलवर तो तक्ता वहीत उतरवताना मला रडू आलं. आई रोज किती तास १५० वर असते याचा हिशेब मी केला होता.

जुलैत चार दिवस घरी आले आणि आईला शिकवायला बसले. कंबरेतून वाकायचं नाही, गुडघे वाकव, पाठ सरळ ठेव. आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने अर्धा दिवस तशीच लावणी केली. चिखलात पोटरीपर्यंत पाय रुतलेले, गुडघे मुडपले की पाय सुटायचे नाहीत. एकदा ती मागच्या मागे बसली, हातातली आवणाची, म्हणजे रोपांची, मूठ पाण्यात पसरली. बाकीच्या बायका पुढे गेल्या, आमची ओळ मागे राहिली. तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून आल्या होत्या की तिला पायरी उतरता येईना. तरी म्हणाली, "तू शिकलीस ना बाय, मग बरोबरच असेल."

त्या वाक्याने मला जे वाटलं ते अजून वाटतं. मी न बघताच सांगितलं होतं.

कॉलेजला परतल्यावर मॅडमना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, फ्लॉइड आणि सिल्व्हर वाच, १९५५. या दोघांनी पाठीच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड लावून पाहिलं होतं. माणूस वाकायला लागतो तेव्हा कण्याच्या बाजूचे स्नायू जोरात काम करतात, पण पूर्ण वाकल्यावर ते गप्प होतात. भार अस्थिबंधांवर, म्हणजे हाडांना हाडं बांधणाऱ्या पट्ट्यांवर जातो. म्हणजे लावणीत वाकलेली बाई स्नायूंना विसावा देते, म्हणून तर तासन्‌तास टिकते. गुडघे वाकवून बसणं मांड्यांना किती महाग पडतं ते आईने भोगलंच होतं.

पण दुसरी बाजूही आहे. अस्थिबंध बराच वेळ ताणले की सैलावतात, आणि लगेच मूळपदावर येत नाहीत. अशा वेळी वाकलेल्या अवस्थेतूनच एकदम जड भारा उचलला तर कंबर धरते. धोका तासभर वाकण्याइतकाच त्यानंतरच्या पहिल्या उचलीत असतो.

मग मी मोबाइलवर काढलेलं त्या चार दिवसांचं चित्रण पुन्हा पाहिलं. सावकाश, मोजत.

(दृश्य: तेच खाचर. आई मूठ संपल्यावर उभी राहते, चिखलाचे हात कमरेवर ठेवते, मागे झुकते. दोन क्षण. पुन्हा वाकते.)

अर्ध्या तासात आई अकरा वेळा उठली होती. मूठ संपली की उठायचं, कमरेवर हात, मागे झुकायचं. सगळ्याच बायका तसं करत होत्या. इतकी वर्षं मी त्यांना बघत होते आणि त्या सरळ होतात हे मला दिसलंच नव्हतं. एकाच जागी त्या चुकत होत्या: दाढीतून, म्हणजे रोपं वाढवलेल्या वाफ्यातून, आवण उपटून झालं की वाकलेल्या वाकलेल्याच ओला भारा उचलायच्या. पाणी निथळणारं आवण काय जड असतं, ते उचलल्याशिवाय कळायचं नाही.

पुढच्या खेपेला मी आईला एवढंच म्हटलं, "भाऱ्याला हात घालायच्या आधी मूठ संपल्यावर करतेस तसं कर. जरा थांब. मग उचल."

"एवढंच?" आई म्हणाली.

"एवढंच."

(दृश्य: माजघर. आजी उकिडवी बसून तांदूळ निवडते. घोट्याला लावलेला गोनिओमीटर.)

हा गोनिओमीटर, दोन पट्ट्यांचा कोनमापक. पुस्तकात पाऊल वर वळण्याची मर्यादा २० अंश दिलीय. आजी उकिडवी बसली आणि पट्टी ३५ च्या पुढे गेली. पुस्तक चुकीचं नाही, तिथे पाय मोकळा सोडून मोजतात, अंगाचा भार देऊन नाही. पण शहरात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पेशंट खुर्चीत बसला, जिना चढला की उपचार पुरे झाले असं धरतात. आमच्याकडची बाई चुलीपुढे, विळीवर, गोठ्यात बसू शकली नाही तर तिचं घर अडतं. घोटा आणि गुडघा किती वाकायला हवा, हे तिला विचारूनच ठरवायला हवं. इंटर्नशिपनंतर मला हेच काम करायचंय, इथेच.

आजी विचारतेय, पट्टी काढू का.

(दृश्य: खाचर. पाऊस उघडलाय. बांधावर आवणाचे भारे. आई सरळ उभी, हात कमरेवर, मागे झुकलेली. शेजारची काकू भाऱ्याला हात घालते.)

"थांब गो जरा," आई तिला म्हणते. "आधी उभी राहा."